शेवटच्या रांगेतून पाहिलेली इनोव्हा

सात माणसांच्या गाडीत कोण कुठे बसणार हे कुणी न सांगताच ठरलेलं असतं. पुढे ड्रायव्हरशेजारी रस्ता माहीत असणारे काका, मधल्या रांगेत गुडघे दुखणारी मंडळी आणि शेवटच्या रांगेत पोरंटोरं, उरलेल्या बॅगा आणि आहेराच्या पिशव्या. मी भावंडांत सगळ्यांत धाकटी, त्यामुळे माझा प्रवास कायम शेवटच्या रांगेतून झाला. टोयोटाची आधी क्वालिस, मग इनोव्हा, मग क्रिस्टा आणि आता हायक्रॉस. वीस-बावीस वर्षांत या घराण्याच्या प्रत्येक गाडीत मी त्याच जागी बसले आहे.

गाडीची खरी परीक्षा त्याच जागेवर होते. पुढच्या सीटवर सगळ्याच गाड्या बऱ्या वाटतात. २००५ पासून आजवर गाडीच्या पाठीवर 'इनोव्हा' हेच नाव आहे, पण त्या नावाखालचा सांगाडा, चाकांना फिरवणारी ताकद आणि ती ताकद चाकांपर्यंत नेणारी वाट, हे तिन्ही आता पूर्ण बदललं आहे. शोरूममध्ये आपल्याला दिवे, स्क्रीन आणि छताची काच दाखवतात. गाडीच्या पोटात काय बदललं हे कुणी दाखवत नाही. या लेखात ते पोट उघडून बघू.

भेकरापासून सुरुवात

इनोव्हाचं मूळ गाव इंडोनेशिया. १९७७ साली टोयोटाने तिथे 'किजांग' नावाची गाडी बाजारात आणली. किजांग म्हणजे आपलं भेकर, आपल्या जंगलातही असणारं ते लहानखुरं, चपळ हरीण. गाडी मात्र हरणासारखी मुळीच दिसत नव्हती. ती होती एक चौकोनी पिकअप, १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन असलेली. बॉनेट उघडलं की जबडा वासलेल्या मगरीसारखी दिसते म्हणून तिथल्या लोकांनी तिला 'मगर किजांग' असं नाव ठेवलं होतं. पत्रे सपाट आणि रेषा सरळ असण्यामागे व्यवहार होता. वळणदार पत्रा दाबून काढायला मोठे, महागडे प्रेस लागतात. सपाट पत्रा कापून, वाकवून, वेल्डिंग करून काम भागतं.

आपल्याकडे ट्रकची नुसती चासी घ्यायची आणि बॉडी बांधणाऱ्याकडे सोडायची, अशी पद्धत आहे. इंडोनेशियातही तसे बॉडी बांधणारे होते. त्यांनी किजांगच्या मागे छप्पर चढवलं, बाकं टाकली आणि माल वाहणाऱ्या गाडीची माणसं वाहणारी गाडी केली. लोकांना तीच जास्त हवी होती. पुढच्या आवृत्त्यांत किजांग हळूहळू कुटुंबाची गाडी होत गेली. पण तिचा पाया मालगाडीचाच राहिला, आणि पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं तो या घराण्यात टिकला. इनोव्हाची ताकद आणि तिच्या शेवटच्या रांगेचं दुखणं, दोन्ही त्या पायातूनच आलं आहे.

भारतात ही गाडी आली ती किर्लोस्करांचा हात धरून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली ज्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर घडवले, त्या घराण्याच्या चौथ्या पिढीतले विक्रम किर्लोस्कर हे टोयोटाचे इथले भागीदार. १९९७ मध्ये कंपनी स्थापन झाली, बंगळूरजवळ बिडदीला कारखाना उभा राहिला आणि जानेवारी २००० मध्ये किजांगवर आधारलेली क्वालिस बाजारात आली. मराठी माणूस म्हणून मला या धाग्याचं अप्रूप वाटतं, ते लपवत नाही.

क्वालिस दिसायला जुनाट होती. आली तेव्हाच जुनाट दिसत होती. २.४ लिटरचं डिझेल इंजिन आणि ताकद जेमतेम ७५ पीएस (म्हणजे अश्वशक्ती). तरीही टॅक्सीवाल्यांनी, कॉल सेंटरच्या गाड्या चालवणाऱ्यांनी आणि मोठ्या कुटुंबांनी ती उचलून धरली. त्याआधी खेड्यापाड्यांत दहा-बारा माणसं म्हणजे वडापची जीप हे समीकरण होतं. मागे समोरासमोर दोन बाकं, उघडा पाठीमागचा भाग, धूळ आणि डिझेलचा वास. त्या बाकावर बसून घाट उतरताना मी किती वेळा पिशवी तोंडाशी धरली आहे, ते आईला विचारा. त्या मानाने चार दरवाजे, एसी, समोर तोंड करून बसायच्या सीट आणि लाखभर किलोमीटर कुरकुर न करणारं इंजिन ही मोठी गोष्ट होती.

लिफ्टखाली उभं राहून

सांगाडा म्हणजे काय हे मला पुस्तकातून नाही, एका गॅरेजमध्ये कळलं. आमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे एके दिवशी जुनी इनोव्हा लिफ्टवर चढवलेली होती आणि शेजारच्या लिफ्टवर हायक्रॉस. मी बाहेर खुर्चीत थांबले होते. ते म्हणाले, "ताई, इकडे या. एवढं विचारता गाड्यांबद्दल, तर खालून बघा एकदा."

जुन्या इनोव्हाच्या खाली पुढून मागेपर्यंत दोन जाडजूड लोखंडी पट्टे गेले होते. पेटीसारखे पोकळ, काळे, वाळलेल्या चिखलाने माखलेले. त्या दोघांना जोडणारे आडवे दांडे. शिडी आडवी ठेवावी तसा आकार, म्हणूनच त्याला लॅडर फ्रेम म्हणतात. "ही चासी," त्यांनी पाना टेकवून दाखवलं. "इंजिन हिच्यावर, चाकं हिच्यावर. वरची बॉडी बोल्ट काढून बाजूला ठेवली तरी ही चालत जाईल." बॉडी आणि चासी यांच्यामध्ये रबराच्या जाड चकत्या होत्या. म्हणजे आपण ज्यात बसतो ती खोली या शिडीवर नुसती ठेवून आवळलेली असते. आरसी बुकावर जो चासी नंबर असतो, तो शब्द याच शिडीवरून आला आहे.

मग त्यांनी मधला लांब नळकांडी दांडा हाताने फिरवला. हा प्रोपेलर शाफ्ट. या गाडीत इंजिन पुढे, पण फिरतात मागची चाकं. त्यामुळे इंजिनची ताकद मागे पोचवायला गाडीच्या पोटातून हा दांडा न्यावा लागतो. त्याच्या टोकाला मागच्या ॲक्सलवर, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर, एक मोठा लोखंडी गोळा असतो. तो डिफरन्शियल. ताकद काटकोनात वळवून दोन्ही चाकांना वाटायचं काम त्याचं.

मग शेजारच्या हायक्रॉसखाली गेलो. तिथे शिडीच नव्हती, शाफ्टही नव्हता. मागचा गोळा नव्हता. सपाट पोट, त्यातून मागे गेलेला एक्झॉस्टचा पाइप आणि इंधनाची टाकी. मी विचारलं, "मग हिची चासी कुठंय?" ते हसले. "हिची बॉडी हीच चासी."

शेवटच्या रांगेत गुडघे छातीशी का येतात

आता या दोन पोटांचा आपल्या गुडघ्यांशी काय संबंध, ते बघू.

शिडीवर खोली ठेवायची म्हणजे खोलीची जमीन शिडीच्याही वर येते. म्हणून क्वालिसमध्ये किंवा जुन्या इनोव्हात आत शिरताना आधी पाय उंच टाकावा लागतो, दांडी धरून अंग वर ओढावं लागतं. आमच्या आत्याबाई तर एक पाय आत टाकून 'अगं धरा मला' असं म्हणत थांबायच्या. वाहन उंच म्हणून बाहेरचं छान दिसतं हे खरं, पण ती उंची रस्त्यासाठी कमी आणि शिडीसाठी जास्त असते.

शेवटच्या रांगेत ही अडचण दुप्पट होते, कारण ती रांग मागच्या ॲक्सलच्या अगदी डोक्यावर असते. जुन्या रचनेत मागची दोन्ही चाकं एका अखंड लोखंडी ॲक्सलने जोडलेली असतात. खड्डा आला की एक चाक नाही, अख्खा ॲक्सल आणि त्याच्यावरचा तो जड गोळा वर उसळतो. त्याला उसळायला वर मोकळी जागा सोडावी लागते. म्हणून तिथे गाडीची जमीन आणखी वर घ्यावी लागते. छत मात्र तितकं वर नेता येत नाही. मग उरतो एकच उपाय, सीट जमिनीलगत ठेवायची. पाय खाली सोडायला जागाच नाही, त्यामुळे गुडघे वर येतात. अर्ध्या तासाने मांड्यांना सीटचा आधार नाही हे जाणवायला लागतं आणि सगळा भार कमरेवर येतो.

दुसरं दुखणं धक्क्यांचं. सी-सॉवर मधोमध बसणारा फारसा हलत नाही, टोकाचा मात्र उंच उडतो. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या बरोबर मध्ये बसणारा माणूस असा सी-सॉच्या मधोमध असतो. तिसऱ्या रांगेतला माणूस टोकावर असतो. मागचं चाक स्पीडब्रेकरवर चढलं की तो उडतो, आणि घाटात वळण घेताना गाडीची शेपटी जितकी बाजूला झुलते तितका तोही झुलतो. पोटात ढवळतं ते यामुळे. यावर गोळ्या घेऊन किंवा लिंबू हुंगून काही काळ भागतं, पण मूळ कारण बसायच्या जागेत आहे.

क्वालिसमध्ये यात पाट्यांची भर होती. मागच्या चाकांवर कमानीसारखे एकावर एक रचलेले लोखंडी पाटे, ट्रकला आणि एसटीला असतात तसेच. पाट्यांचा गुण म्हणजे ते वाट्टेल तेवढं ओझं झेलतात, तुटला तरी गावच्या लोहाराकडे दुरुस्त होतो. अवगुण असा की गाडी रिकामी असली की ते वाकतच नाहीत. आठ माणसं आणि सामान भरलं की क्वालिस मऊ चालायची, चार माणसांत मात्र ती दणके द्यायची. तिच्या मालगाडीच्या रक्ताची ही सर्वांत ठळक खूण.

२००५: तीच शिडी, नवी खोली

फेब्रुवारी २००५ मध्ये टोयोटाने क्वालिस बंद करून तिच्या जागी इनोव्हा आणली. चांगली खपणारी गाडी बंद करायला धाडस लागतं. पण यामागे नुसत्या भारताचा विचार नव्हता. कंपनीने त्याच सुमारास एकच पाया कितीतरी देशांत वापरायचं ठरवलं होतं. थायलंड, इंडोनेशिया, अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिका हे उत्पादनाचे मुख्य देश. एका शिडीवर हायलक्स ही पिकअप, त्याच शिडीवर फॉर्च्युनर आणि त्याच शिडीवर इनोव्हा. पिठाचा गोळा एकच, कुणी त्याच्या पोळ्या लाटल्या, कुणी पुऱ्या.

प्लॅटफॉर्म हा शब्द आपण सारखा ऐकतो, त्याचा अर्थ हाच. सांगाडा, सस्पेन्शनचे (धक्के झेलणाऱ्या रचनेचे) मुख्य भाग, स्टिअरिंग, इंजिन बसवायच्या जागा, हे सगळं एकदाच आखायचं, एकदाच तपासायचं आणि त्यावर वेगवेगळ्या खोल्या बांधायच्या. खर्च वाटला जातो आणि सुटे भाग सगळीकडे मिळतात. आडगावातल्या गॅरेजमध्येही इनोव्हाचं काम होतं, त्याचं एक कारण हे.

या इनोव्हाच्या मागच्या चाकांवरचे पाटे गेले. त्याजागी गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. ॲक्सल अखंडच राहिला, पण त्याला जागच्या जागी धरायला वेगळे दांडे दिले. पाट्यांना दोन कामं एकदम करावी लागतात, धक्का झेलायचा आणि ॲक्सल धरून ठेवायचा. कामं वेगळी केल्यावर स्प्रिंगला फक्त मऊपणाकडे लक्ष देता आलं. शेवटच्या रांगेत मला हा फरक पहिल्याच प्रवासात कळला. गुडघे तसेच वर होते, पण दातांवर दात आपटत नव्हते.

इंजिनातही मोठी उडी होती. क्वालिसच्या जुन्या पद्धतीच्या डिझेलमध्ये इंधन एका छोट्या कप्प्यात उडवलं जायचं, तिथे पेट घेऊन ते मुख्य सिलिंडरमध्ये पसरायचं. इनोव्हाच्या २.५ लिटर इंजिनात कॉमन रेल आलं. एका जाड नळीत डिझेल प्रचंड दाबाखाली साठवलेलं असतं. सगळे इंजेक्टर त्या एकाच नळीला जोडलेले. कधी, किती आणि किती वेळा फवारायचं हे इलेक्ट्रॉनिक डोकं ठरवतं. एकदम मोठा फवारा मारण्याऐवजी आधी एक बारीक फवारा देऊन मग मुख्य फवारा मारता येतो, त्यामुळे स्फोट दणक्यात होत नाही. जुन्या डिझेलचा 'टकटक टकटक' आवाज कमी झाला तो यामुळे. ताकद ७५ वरून १०२ पीएस झाली आणि टॉर्क २०० न्यूटन-मीटर.

टॉर्क म्हणजे पीळ. घट्ट बसलेला नट पान्याने सोडवताना मनगटाने जो जोर लावतो तो टॉर्क. पीएस म्हणजे तो जोर किती वेगाने लावत राहता येतो ते. सात माणसं आणि छतावर बांधलेल्या बॅगा घेऊन कसारा घाट चढताना आधी पीळ लागतो. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच भरपूर पीळ देतं, म्हणून मोठ्या भरलेल्या गाडीला आपल्याकडे इतकी वर्षं डिझेलशिवाय पर्याय वाटत नव्हता.

क्रिस्टा आणि कोर्टाचा आदेश

पुढची पिढी २०१६ च्या मे महिन्यात आली. नाव इनोव्हा क्रिस्टा. शिडी होती, पण अधिक ताठ केलेली. मागची चाकंच फिरणार होती. चाकांमधलं अंतर, म्हणजे पुढच्या ॲक्सलपासून मागच्या ॲक्सलपर्यंतची लांबी, पहिल्या इनोव्हाइतकंच २७५० मिलिमीटर होतं. बदल झाला तो जोरात. २.४ लिटरचं डिझेल सुमारे १५० पीएस आणि ३४३ न्यूटन-मीटर द्यायला लागलं. पहिल्या इनोव्हापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट पीळ, तोही लहान इंजिनातून. ऑटोमॅटिक गिअर हवा असेल तर २.८ लिटरचं, १७४ पीएसचं इंजिन होतं. आतून ती आता टॅक्सी वाटत नव्हती. मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या, आवाज कमी.

पण याच काळात डिझेलची सद्दी संपायला लागली. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या प्रदूषणामुळे २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांच्या नोंदणीला राजधानी परिसरात बंदी घातली. इनोव्हाची सगळी डिझेल इंजिनं त्या रेषेच्या वर होती. ऑगस्ट २०१६ मध्ये किमतीच्या एक टक्का पर्यावरण शुल्क घेऊन बंदी उठली, पण त्याच महिन्यात कंपनीने क्रिस्टात २.७ लिटरचं पेट्रोल इंजिनही आणलं. एका आदेशाने अख्खी गाडी विकणं थांबू शकतं, हे आठ महिन्यांत सगळ्यांना कळून चुकलं होतं. पुढे एप्रिल २०२० पासून धुराचे कडक नियम, म्हणजे बीएस-६, लागू झाले. डिझेलच्या धुरातली काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडं गाळायची यंत्रणा महाग असते. लहान गाड्यांतून डिझेल त्यामुळेच जवळपास हद्दपार झालं. क्रिस्टाचं २.४ तगलं, २.८ गेलं.

बॉडी हीच चासी

२५ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईत इनोव्हा हायक्रॉस दाखवली गेली. विक्रम किर्लोस्कर त्या कार्यक्रमाला हजर होते. चारच दिवसांनी, २९ नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं. ज्या घराण्याची गाडी त्यांनी इथे आणली, तिचा सर्वांत मोठा कायापालट बघून ते गेले.

कायापालट म्हणजे शब्दशः काया पालटली. किजांगपासून चालत आलेली शिडी इथे संपली. त्याजागी मोनोकॉक आलं. त्यात वेगळी चासी नसते. जमीन, खांब, छत आणि बाजू एकमेकांना वेल्ड करून एकच कवच बनवलेलं असतं आणि सगळा भार ते कवच वाहतं. अंड्याचं टरफल किती पातळ असतं, पण मुठीत सारखा दाब दिला तर सहज फुटत नाही. आत वेगळा सांगाडा नसतो, आकारच भार वाहतो.

त्याच वेळी ताकद पुढच्या चाकांकडे गेली. इंजिन आडवं बसलं, त्यामुळे पोटातला लांब शाफ्ट आणि मागचा गोळा दोन्ही गेले. मागच्या चाकांना आता ताकद पोचवायची नसते, नुसतं फिरायचं असतं. तिथे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन चाकांना जोडणारा, स्वतः पीळ खाऊन धक्का पचवणारा एक आडवा बीम. त्याला जागा कमी लागते. जमीन खाली आली. चाकांमधलं अंतर १०० मिलिमीटरने वाढून २८५० झालं, आणि गाडीची एकूण लांबी मात्र क्रिस्टापेक्षा अवघ्या २० मिलिमीटरने वाढून ४७५५ झाली. वाढलेली जागा बाहेर दिसत नाही, ती आत माणसांना मिळाली.

आणि मी शेवटच्या रांगेत बसले. पहिली गोष्ट म्हणजे पाय खाली टेकले आणि मांड्यांखाली सीट होती. गुडघे पूर्ण उतरले असं म्हणणार नाही, शेवटची रांग ती शेवटचीच. पण मागचं चाक आता थोडं मागे गेल्यामुळे मी सी-सॉच्या टोकावरून जरा आत सरकले होते. आत्याबाई दांडी न धरता आत आल्या. कुणी लक्ष दिलं नाही, मी दिलं.

एकाच कवचाची गाडी टकरीत वेगळी वागते. पुढचा भाग ठरवून दिलेल्या जागी चुरगळतो आणि टकरीचा जोर खाऊन टाकतो, माणसं बसलेला भाग ताठ राहतो. ताठ शिडीला असं हवं तिथे, हवं तेवढं चुरगळायला लावणं अवघड असतं. हायक्रॉसला २०२५ मध्ये भारत एनकॅपच्या टक्कर-सुरक्षेच्या चाचणीत पाच तारे मिळाले.

डिझेल नाही, तर घाट कोण चढवणार?

हायक्रॉसमध्ये डिझेल इंजिनच नाही. एक साधं पेट्रोल मिळतं, आणि दुसरं हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि वीज यांची जोडी, ज्याबद्दल सगळ्यांना प्रश्न पडतात. पहिला प्रश्न ठरलेला, 'चार्जिंगला लावावी लागते का?' नाही. तिला सॉकेटच नाही. ती पेट्रोलवरच चालते, फक्त पेट्रोलमधून निघालेली शक्ती वाया जाऊ देत नाही.

२ लिटरचं पेट्रोल इंजिन, दोन विजेच्या मोटरी आणि पुढच्या सीटखाली एक छोटी बॅटरी. दोघांचा मिळून जोर १८६ पीएस. हे इंजिन ॲटकिन्सन पद्धतीने चालतं. साध्या इंजिनात हवा जितकी दाबली जाते तितकीच ती स्फोटानंतर फुगते. इथे आत घेतलेल्या हवेतली थोडी दाबायच्या आधीच परत सोडतात, म्हणजे दाबणं कमी आणि फुगणं जास्त. प्रत्येक थेंबातून जास्त काम निघतं, पण सुरुवातीचा पीळ कमी पडतो. डिझेलच्या नेमकं उलट. आणि विजेच्या मोटरचा गुण असा की ती शून्य वेगालाच पूर्ण पीळ देते. इंजिन जिथे कमकुवत, तिथे मोटर बळकट. ही जोडी त्यासाठीच जमवली आहे.

दोघांचा जोर एकत्र कसा होतो, हा या गाडीतला मला सर्वांत सुंदर वाटलेला भाग. मध्ये एक दातेरी चाक, त्याच्या भोवती फिरणारी लहान दातेरी चाकं आणि त्या सगळ्यांना वेढणारं आतून दाते असलेलं एक कडं. सूर्य, ग्रह आणि भोवतालचं कडं अशी कल्पना करा. लहान मोटर सूर्याला जोडलेली, इंजिन ग्रहांना जोडलेलं, आणि कड्यातून जोर चाकांकडे जातो. मोठी मोटर त्याच वाटेवर आपला जोर मिसळते. लहान मोटर सूर्याला कमी-जास्त वेगाने फिरवून ठरवते की इंजिनाचा किती जोर थेट चाकांना जाईल आणि किती वीज बनवायला. गिअर बदलल्याचा झटका नाही, क्लच नाही, पट्टा नाही. दाते एकमेकांतून कधीच सुटत नाहीत, फक्त वेगांचं गणित बदलतं.

ब्रेक दाबला की मोटर उलटं काम करते. ती चाकांच्या गतीतून वीज तयार करते आणि बॅटरीत ठेवते. साध्या गाडीत तीच गती ब्रेक तापवण्यात जाते. सिग्नलला इंजिन बंद होतं, पण एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालत असल्याने गार हवा सुरू राहते. म्हणून ही गाडी शहरात, थांबत-चालत, जास्त वाचवते. कंपनीचा चाचणीतला आकडा लिटरला २३.२४ किलोमीटर आहे. रस्त्यावर तेवढा मिळायचा नाही, पण शहरातल्या गर्दीत जुन्या डिझेल इनोव्हाची आणि हिची तुलना होत नाही. सरळ हायवेवर एका वेगाने गेलात तर ब्रेकच कमी लागतात, साठवायला काही नसतं, आणि फायदा कमी होतो. लांब उतारावर ती छोटी बॅटरी लवकर भरते. त्यानंतर इंजिनानेच गाडी आवरून धरायची सोय वापरावी, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. हे माहीत नसलेले कितीतरी मालक मला भेटले आहेत.

बॅटरी निकेल-मेटल हायड्राइडची आहे. लिथियमपेक्षा जड, जुनी पद्धत, पण उष्णतेत आणि रोजच्या भरा-रिकामी करा या रगाड्यात टिकल्याचा तिचा अनुभव मोठा. इथे बॅटरी गोदामासारखी नाही, गल्ल्यासारखी वापरतात. थोडं आत, थोडं बाहेर, दिवसभर.

मग क्रिस्टा अजून का विकतात?

२०२३ मध्ये कंपनीने २.४ डिझेलची, फक्त मॅन्युअल गिअरची क्रिस्टा परत बाजारात आणली. हायक्रॉस असताना. त्याच वर्षी जुलैमध्ये मारुतीने हायक्रॉसचीच बहीण इनव्हिक्टो नावाने विकायला काढली. म्हणजे एकीकडे नव्या सांगाड्याची गाडी दोन दुकानांत, आणि शेजारी जुन्या शिडीची गाडीही चालू.

मला यात गोंधळ दिसत नाही. दोन्ही गाड्यांना वेगळं काम आहे. भरलेली गाडी चढावर असते तेव्हा वजन मागे सरकतं. मागची चाकं जमिनीला जास्त दाबली जातात, पुढची हलकी होतात. ओल्या, चिखलाच्या, खडीच्या चढावर पुढची चाकं फिरवणारी गाडी जिथे जागेवर फिरत राहते, तिथे मागची चाकं फिरवणारी क्रिस्टा पकड घेते. पावसाळ्यात कोकणातल्या आतल्या गावांत ट्रिपा करणाऱ्या ड्रायव्हरला हे कुणी शिकवायला लागत नाही. शिडीला ठोकर बसली तर बहुतेक वेळा वरचे पत्रे बदलून भागतं. मोनोकॉकचं कवच आतून वाकलं तर ते मोजमाप घेणाऱ्या साच्यावर ओढून सरळ करावं लागतं, आणि ती सोय प्रत्येक गावात नाही. दिवसाला तीन-चारशे किलोमीटर हायवे तोडणाऱ्याला हायब्रिडचा फायदाही अर्धाच मिळतो.

घरची गाडी घेणाऱ्याचा हिशेब वेगळा आहे. शहरातलं येणं-जाणं, म्हातारी माणसं, लहान मुलं, वर्षातून चार-पाच लांबचे प्रवास. अशांना मी बिनदिक्कत हायक्रॉसकडे बोट दाखवते. 'शिडीची गाडी म्हणजेच मजबूत गाडी' हा आपल्याकडचा समज मला पटत नाही. शिडी मजबूत असते ओझ्यासाठी. आत बसलेल्या माणसासाठी मजबुतीचा अर्थ वेगळा असतो.

टेस्ट ड्राइव्हला जाताना एक करा. घरातल्या सर्वांत उंच माणसाला शेवटच्या रांगेत बसवा आणि सेल्समन एकटाच तुम्हाला फिरवून आणतो म्हणाला तरी ऐकू नका. सगळ्या सीट भरलेल्या हव्यात. चांगल्या रस्त्यावरून नाही, जिथे स्पीडब्रेकर आणि वळणं आहेत तिथून वीस मिनिटं फिरा. परत आल्यावर मागच्याला विचारा, पाय कुठे होते आणि पोट कसं आहे.